चौदा नंबरचा जास्तीचा थांबा

कॅनॉल फाटा जवळ आला तसा ज्ञानूमामांनी डावा इंडिकेटर टाकला, गियर कमी केला, आणि मग समोरच्या आरशात त्यांची नि माझी नजरानजर झाली. इंडिकेटर पटकन बंद झाला. बस सरळ बायपासला लागली.

"आरं ज्ञानू, आज आत न्हाई व्हय?" मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्याने विचारलं.

"आत कुठं?" इंदुताई कंडक्टर एवढ्या मोठ्यांदा म्हणाल्या की माझ्या शेजारची बाई दचकली. "आपली गाडी सरळच जाती. रोज सरळ जाती. गप बसा आजोबा!"

आजोबा गप्प बसले. नुसते आजोबा नाही, अख्खी बस गप्प बसली. शाळेत तपासनीस आल्यावर पोरं बसतात तशी चाळीस माणसं हाताची घडी घालून बसली आणि तिरक्या नजरेने माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघायला लागली. मी बावीस वर्षांची होते, पण बावळट नव्हते. काहीतरी शिजतंय एवढं मला कळलं.

माझं काम सांगते, म्हणजे त्या नजरांचा अर्थ लागेल. तुम्ही मोबाइलवर कुठून कुठं जायचं ते टाकता आणि तो सांगतो ना, इतकी पावलं चाला, अमुक थांब्यावर उभे राहा, अमुक नंबरची बस इतक्या वाजता येईल? ते त्याला आधी कुणीतरी सांगावं लागतं. आमच्या शहरापुरतं ते मी सांगितलं. बीएस्सी करून घरी बसले होते. पुण्याच्या एका कंपनीने आमच्या नगरपालिकेच्या बसगाड्या नकाशावर आणायचं काम घेतलं, आणि सहा महिन्यांसाठी माझी नेमणूक झाली. प्रत्येक नंबरच्या बसमध्ये बसायचं, बस थांबली की बटण दाबायचं, थांब्याचं नाव लिहायचं, फोटो काढायचा. बस जाईल तशी मोबाइलवर निळी रेघ उमटत जायची. कुठे वळली, कुठे किती वेळ थांबली, सगळं त्या रेघेत यायचं.

थोडक्यात, ड्रायव्हर-कंडक्टरांच्या हिशेबी मी ऑफिसने पाठवलेली चहाडखोर होते. मला हे कळायला तेरा नंबर लागले. चौदावा हा माळेवाडीचा.

पुढच्या थांब्यावर, पोल्ट्रीपाशी, ज्ञानूमामांनी गाडी बंद केली आणि खाली उतरले.

"काय झालं?" मी विचारलं.

"गाडी तापली," इंदुताई म्हणाल्या.

सकाळचे सव्वाआठ, थंडीचे दिवस, गाडी निघून वीस मिनिटं झालेली, आणि तापली म्हणे! ज्ञानूमामांनी बॉनेट उघडलं, कॅन काढला, आणि इतक्या सावकाश पाणी ओतायला लागले की कुणी रोपट्याला घालतं तसं वाटावं. मध्येच मान वर करून शेतांपलीकडे बघत होते. गाडीतलं कुणी कुरकुरलं नाही. कामावर जाणारी माणसं, कॉलेजची पोरं, एकानेही घड्याळ बघितलं नाही. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली.

आणि मग शेताच्या बांधावरून त्या आल्या. सात-आठ बायका, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दगड. कुणाच्या डोक्यावर पाटा-वरवंटा, कुणाच्या डोक्यावर जात्याची एक तळी. मागे दप्तरं घेतलेल्या तीन पोरी. सगळ्यांत पुढे एक पन्नाशीची, काटक, नाकात चमकी असलेली बाई. ती धापा टाकत दारात आली आणि डोक्यावरचा दगड खाली न ठेवताच सुरू झाली.

"काय रं ज्ञानू! डोळं फुटलं काय तुजं? आमी वस्तीवर उभ्या, आन् तू भुर्रकन वरच्या रस्त्यानं गेलास! मान मोडली माजी! ही ओली बाळंतीण, हिच्या डोस्क्यावर पंधरा किलो, दीड किलोमीटर तंगडतोड केली!"

"जनाक्का," इंदुताई दबक्या आवाजात म्हणाल्या, "चढा आधी. मग बोलू."

"मग कशाला? आताच बोलणार! नऊ वर्सं रोज आत येतोयस, आन् आज काय झालं?"

इंदुताईंनी कपाळावर हात मारला. ज्ञानूमामांनी बॉनेट आपटून बंद केलं. आणि गाडीतला तो म्हातारा अगदी निरागसपणे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही ऑफिसची हाय."

जनाक्काने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू व्हय? तुज्यापायी आमास्नी चालवलं?"

"मला काही माहीत नव्हतं हो," मी म्हणाले. खरंच काही माहीत नव्हतं. तरी तोंड चोरासारखं झालं होतं.

"मग आता कळलं न्हवं? धर." आणि तिने डोक्यावरचा पाटा माझ्या मांडीवर ठेवला. मंडई येईपर्यंत तो पाटा मी मांडीवर घेऊन बसले होते. उठताना पायांना मुंग्या आल्या होत्या.

मंडईत गाडी रिकामी झाल्यावर ज्ञानूमामा मला म्हणाले, "चल पोरी, चहा घेऊ." टपरीवर उभं राहून त्यांनी मला सगळं सांगितलं. लपवायला आता उरलंच काय होतं?

पूर्वी माळेवाडीचा रस्ता पाथरवट वस्तीवरूनच जायचा. नऊ वर्षांपूर्वी बायपास झाला आणि ऑफिसने मार्ग बदलला. वस्तीचा थांबा यादीतून गेला, तिकिटाच्या मशीनमधून गेला, थांब्याचा खांबही कुणीतरी भंगारात घातला. पहिल्या दिवशी ज्ञानूमामा नवीन रस्त्याने निघाले, आणि कॅनॉल फाट्याला त्यांचे हात आपोआप डावीकडे वळले.

"मला म्हाईत हुतं चुकतंय म्हणून," ते म्हणाले. "पण आत गेलो तर बाया दगड घिऊन उभ्या. त्यास्नी कुणी सांगितलंच नव्हतं. रस्ता कागदावर बदलला गं, माणसं हाईत तिथंच की. घेतलं त्यास्नी. दुसऱ्या दिवशी म्हटलं आजच्या दिवस जाऊ. आजच्या दिवस, आजच्या दिवस करत नऊ वर्सं गेली."

"आणि तिकीट?"

"कॅनॉल फाट्यापासनं फाडतो आम्ही," इंदुताई म्हणाल्या. "फुकट कुणाला नेलं नाही. माझ्या आधी तीन कंडक्टर झाले ह्या नंबरवर, सगळ्यांनी हेच केलं. गाडीतल्या माणसांनीसुद्धा कधी तोंड उघडलं नाही."

"साहेबांना सांगून रीतसर थांबा का नाही करून घेतला?"

दोघं एकमेकांकडे बघून हसले. त्या हसण्याचा अर्थ मला लगेच कळला, कारण साहेब मलाही माहीत होते.

बेडगे साहेब म्हणजे वाहतूक अधीक्षक. नियमाबाहेर त्यांची पापणी लवत नसे. मार्ग सोडून गाडी नेली म्हणून त्यांनी त्याच वर्षी दोन ड्रायव्हरांना घरी बसवलं होतं. त्यांचा एकच वेडेपणा होता, तो म्हणजे मोबाइल. नवा फोन घेतल्यापासून गृहस्थ ऑफिसपासून घरापर्यंतसुद्धा नकाशा लावून जायचे. दहा मिनिटांचा रस्ता, वीस वर्षं रोजचा, तरी "पुढे उजवीकडे वळा" ऐकत जायचे. एकदा फोनने त्यांना बायकोसकट उसाच्या फडात नेऊन उभं केलं, तर म्हणाले, रस्ता अजून व्हायचा असेल. सगळं ऑफिस त्यांना पाठीमागे हसायचं. मीसुद्धा हसायचे.

ज्ञानूमामांची नोकरी पाच महिने राहिली होती. अशात मेमो मिळाला असता तर पेन्शन अडकली असती.

"मग तू काय करणार?" इंदुताईंनी मला विचारलं. सरळच विचारलं.

मी चहाचा ग्लास ठेवला. "आजची रेघ सरळ आली आहे. आज तुम्ही आत गेला नाहीत. मी आजचीच रेघ पाठवते आणि विसरून जाते."

"बेस," ज्ञानूमामा म्हणाले. पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "पाच महिन्यांनी मी जाणार. नवा डायवर तुज्या मोबाइलात बघून गाडी चालवणार. त्यात वस्ती नसली की झालं."

मी घरी गेले, पण डोक्यातून ते जाईना. मी नऊ वर्षांचं काहीतरी एका बटणाने पुसणार होते. बरं, मला कुणी पुसायला सांगितलंही नव्हतं. मला कंपनीने दिलेल्या कागदावर पहिलंच वाक्य होतं, बस जिथे खरोखर थांबते तिथे नोंद करा. यादीत जिथे आहे तिथे, असं नव्हतं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चौदा नंबरला चढले. "आत घ्या मामा," म्हटलं. मामांनी घेतली.

वस्ती म्हणजे उतारावरची पंचवीस-तीस घरं. जिकडे-तिकडे दगडाच्या चिपा, छिन्नी-हातोड्याची टकटक. बस थांबायची ती जागा नुसतीच मोकळी होती. मी बटण दाबलं, नाव लिहिलं, आणि मोबाइलने फोटो मागितला. फोटोत थांब्याची खूण दिसली पाहिजे, असा त्याचा हट्ट.

"खूण म्हणजे?" जनाक्काने विचारलं.

"खांब. त्यावर नंबर लिहिलेला असतो."

"एवढंच व्हय? परवा ये."

परवा गेले तर तिथे कमरेएवढा काळा दगड रोवलेला, आणि त्यावर कोरलेलं: १४. काय त्या आकड्यांचं वळण होतं! शहरातल्या एकाही थांब्याचा खांब तितका देखणा नव्हता. जनाक्का त्याच्याशेजारी पदर सावरून, फोटोला उभी राहावी तशी उभी राहिली. मी दोघांचाही फोटो काढला.

सगळं मोबाइलात गेलं. फक्त नावापुढे तांबडी खूण आली, कारण यादीबाहेरच्या थांब्याला ऑफिसची मंजुरी लागत होती. मला वाटलं होतं, दोनशेच्या वर थांबे आहेत, साहेब काय एकेक बघत बसणार आहेत? एकदम मंजूर करून मोकळे होतील.

साहेबांनी एकेक बघितला.

नकाशा सोमवारी सुरू होणार होता, नगराध्यक्षांच्या हस्ते. आदल्या गुरुवारी दुपारी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर फोन होता आणि फोनवर जनाक्का.

"सुतार, हा कुठला थांबा?"

"पाथरवट वस्ती, साहेब. चौदा नंबर."

"यादीत नाही."

"बस तिथे थांबते, साहेब."

"थांबते?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कुणाच्या आदेशाने?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी फोनवरच्या जनाक्काकडे बघत राहिले.

"ठीक आहे. उद्या सकाळी आठ वाजता प्रत्यक्ष पाहणी. तुम्ही, मी. तिथे उभं राहून बघू, येते का बस." आणि मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "कुणाला फोन करायचा नाही."

मी संध्याकाळी सहा वाजता फोन केला. होय, केला. दुसरं काय करणार होते? बस आली तर ज्ञानूमामा साहेबांच्या डोळ्यांदेखत पकडले जाणार. नाही आली तर थांबा खोटा ठरून पुसला जाणार, आणि त्याबरोबर वस्तीची बस कायमची. दोन्हींत कुणीतरी मरत होतंच. मला मामांची पेन्शन डोळ्यांसमोर दिसत होती.

"मामा, उद्या साहेब वस्तीत येऊन उभे राहणार आहेत. उद्या आत येऊ नका. फाट्यावरनं सरळ जा. तुमच्या पाया पडते."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत राहिला.

"मामा?"

"हं. ऐकतोय. जेवलीस का तू?"

"सहा वाजता कुणी जेवतं का? मामा, ऐकलं ना मी काय म्हणाले ते?"

"ऐकलं की. जेव येळेवर," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला हायसं वाटलं. आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली, कारण उद्या बाया उभ्या राहणार आणि बस येणार नाही, हे मीच ठरवलं होतं.

सकाळी आम्ही साहेबांच्या गाडीने गेलो. फाट्यापासून आत वळताना साहेबांनी फोनवर नकाशा लावला होता आणि तो सांगत होता तसेच जात होते. वस्तीत पोचलो तर आठ वाजून दोन मिनिटं झालेली. बायका आधीच उभ्या. आणि मेलं नेमकं त्याच दिवशी ओझं नेहमीपेक्षा जास्त. एकीपुढे एक जात्यांच्या तळ्या मांडून ठेवलेल्या. मला बघून जनाक्काच्या चेहऱ्यावर हसू आलं. साहेबांना बघून ते मावळलं.

साहेब त्या दगडाभोवती एक फेरी मारून आले. "हा कुणी बसवला?"

बाया जनाक्काकडे बघायला लागल्या.

"पाया किती खोल आहे?"

"दोन फूट," जनाक्का म्हणाली. "हालत न्हाई."

साहेबांनी हलवून बघितला. हलला नाही. मग ते फोन हातात धरून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांच्या मागे. आठ वाजून दहाची वेळ मीच मोबाइलात घातली होती. आठ-दहा झाले. रस्ता रिकामा. आठ-अकरा. त्या बाळंतिणीचं पोर रडायला लागलं. एक शाळेची पोरगी मला हळूच म्हणाली, "ताई, आज पेपर आहे आमचा." मी तिच्याकडे बघूच शकले नाही. मनात म्हणत होते, येऊ नका मामा, येऊ नका. आणि दुसऱ्याच क्षणी म्हणत होते, या हो मामा. माझं मलाच कळत नव्हतं मला काय हवंय.

आठ-तेराला हॉर्न ऐकू आला.

वळणावरून चौदा नंबर आली. साहेबांची पांढरी गाडी वळणावरच उभी होती, मामांना ती लांबूनच दिसली असणार. तरी गाडी जराही हळू झाली नाही. नेहमीसारखी आली, बरोबर दगडापाशी दार येईल अशी थांबली. मामांनी खाली बघितलंच नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले. दारात इंदुताई उभ्या, चेहरा पांढराफटक.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "तीन मिनिटं उशीर," म्हणाले. मग बाजूला सरकून बायकांना म्हणाले, "चढा."

दगड वर चढवायला पाच मिनिटं लागली. मी धावत पुढे ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले. "मामा, तुम्हाला सांगितलं होतं ना मी!"

"व्हय की, सांगितलंस." मामा अजून समोरच बघत होते. "पर काल जनाक्कानं सांगितलं हुतं, आज पाच जाती न्यायची हाईत. डोस्क्यावरनं कशी गेली असती?"

पाच जाती! त्या माणसाने तीस वर्षांची नोकरी एका पारड्यात ठेवली होती, पाच जाती दुसऱ्यात, आणि त्याला फारसा विचारही करावा लागला नव्हता. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं.

साहेब बसमध्ये चढले. मीही चढले. गाडी निघाली तसं साहेबांनी हात पुढे केला. "एक मंडई."

"साहेब, तुम्हाला कसलं तिकीट?" इंदुताई पुटपुटल्या.

"द्या."

इंदुताईंनी मशीन दाबलं, तिकीट फाडून दिलं. साहेबांनी चष्मा वर करून ते वाचलं. "कॅनॉल फाटा ते मंडई. मी कॅनॉल फाट्याला चढलो का?"

"नाही, साहेब."

"मग?"

"साहेब, मशीनमध्ये ह्या थांब्याचा टप्पाच नाही. नऊ वर्षांपूर्वी काढलाय." आता त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. "चूक माझी आहे साहेब, मामांची नाही."

"माजी हाय," पुढून मामांचा आवाज आला.

"गप्प बसा दोघंही," साहेब म्हणाले. "मी चूक कुणाची विचारलीच नाही अजून. मोबाइलमध्ये हा थांबा आहे. मी तो बघून इथवर आलो, आणि मोबाइल म्हणाला तशी बस आली. मोबाइलमध्ये आहे आणि मशीनमध्ये नाही. म्हणजे चूक मशीनची. आज दुपारी ते आगारात जमा करा आणि टप्पा घालून घ्या. सुतार, हे तिकीट फाईलला लावा."

कुणालाच काही समजेना. मला तर चक्कर यायची बाकी होती. म्हटलं, देवा, ह्या माणसाच्या मोबाइलवेडाने आज माणसं वाचवली! मला हसू दाबता येईना. मी त्यांच्या मागच्या बाकावर बसले, तोंडावर ओढणी धरून.

"हसताय?" साहेबांनी मान न वळवता हळूच विचारलं.

"नाही, साहेब."

"मी गाढव आहे असं वाटतं ना तुम्हा सगळ्यांना?"

"नाही हो, साहेब!"

"चौदा नंबरला डिझेल जास्त का लागतं हे दोन वर्षं मला कळत नाही, असं वाटतं? सोमवारपासून तीन दिवस त्या वळणापाशी आडोशाला गाडी लावून बसलोय मी. रोज बस आली. रोज दगड चढवायला पाच मिनिटं."

मी ओढणी तोंडावरून काढली. "मग आज ही पाहणी कशाला?"

"मी नुसता आदेश काढला असता तर वरून पहिला प्रश्न आला असता, इतकी वर्षं गाडी कुणाच्या परवानगीने जात होती? मग पहिल्यांदा ह्या ज्ञानू खोताला घरी बसवावं लागलं असतं." त्यांनी फोन जरासा वर करून दाखवला. "आणि मोबाइलमध्येच आहे म्हटलं, की कुणी काही विचारत नाही. फक्त बस येते हे अधीक्षकाने स्वतः बघितलं, ह्याला एक साक्षीदार लागतो. तो तुम्ही. कळलं? पण तुम्ही फोन केलात."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी करू नका म्हणालो म्हणून." मग जरा थांबून म्हणाले, "मी रात्रभर धास्तीत होतो, हा माणूस घाबरून सरळ गेला तर काय करायचं."

तेव्हा मला त्या माणसाविषयी इतकी माया वाटली की सांगता येत नाही. इतके महिने आम्ही त्यांच्या मागे फिदीफिदी हसलो होतो. शेवटी नुसतं "साहेब" म्हणाले आणि ओढणीने डोळे पुसले.

ह्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी पुण्यात त्याच कामात आहे. हाताखाली सोळा जण आहेत, आणि बसगाड्यांच्या रेघा आपोआप येतात, कुणाला मांडीवर पाटा घेऊन बसावं लागत नाही. पण त्या सकाळचं शेवटचं मला जसंच्या तसं आठवतं.

आमचं बोलणं कुजबुजत चाललेलं, त्यामुळे जनाक्काला काही ऐकू गेलं नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की एक साहेब वस्तीत आला, दगड हलवून बघितला, कंडक्टरणीला रडवलं. ती जात्यांवरून पाय टाकत पुढे आली आणि साहेबांच्या समोर दांडा धरून उभी राहिली. सगळी गाडी ऐकायला लागली. मामांनी आरशात बघितलं.

"सायेब, उद्या यील का वो गाडी?"

साहेबांनी लगेच फोन पुढे केला. कौतुकाने बोटाने चाळत त्यांनी थांबा शोधला, पडदा तिच्या डोळ्यांपुढे धरला. "हे बघा. पाथरवट वस्ती. चौदा नंबर, आठ वाजून दहा मिनिटं. सगळं लिहिलंय इथे."

जनाक्काने फोनकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"मला वाचाय येत न्हाई. तुमी तोंडानं सांगा."

साहेबांनी फोन खिशात ठेवला.

"येणार, आक्का," ते म्हणाले. "रोज येणार."